ढगाळ लेओन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

स्पेनच्या वायव्येला लेओन नावाचं शहर आहे. माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिल करणाऱ्या टूरवाल्यांच्या यादीत ते सहसा नसतं. मुलं शिकायला किंवा नोकरीला माद्रिदला गेलेली आणि आई-बाबा हिवाळ्यात त्यांना भेटायला निघालेले, अशा बेळगाव जिल्ह्यातल्या घरांतून या शहराविषयी पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगी माद्रिदला शिकते. डिसेंबरच्या शेवटी आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तीन दिवस लेओनला जाऊ या असा तिचा आग्रह आहे, पण त्या दिवसांत तिकडे धुकं, ढग आणि गारठा. आमच्या घरचे म्हणतात, तसली हवाच बघायची तर आपलं कणकुंबी काय वाईट? त्यापेक्षा दक्षिणेला उन्हात जावं का?
— खानापूर

उत्तर : लेओनलाच जा. दक्षिणेची शहरं म्हणजे अंगणं, बागा, चौक. हवा बिघडली की तिथला दिवस हातचा जातो. लेओनमध्ये जे बघायचं ते बहुतेक सगळं छपराखाली आहे आणि जुन्या गावात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

आणि कणकुंबीसारखा पाऊस तिथे नाहीच. लेओनच्या उत्तरेला कांताब्रियन डोंगररांग आहे. समुद्रावरून येणारे ढग ती अडवते, पाऊस पलीकडच्या अस्तुरियास भागात पडतो आणि लेओनला उरतात ढग आणि भुरभुर. आपल्याकडे पावसाळी कणकुंबी आणि कोरडं चिकोडी यांच्यात जो फरक, तोच इथे. लेओनचा वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आहे. थंडी मात्र खरी. शहर सुमारे ८४० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ६ ते ८ अंश, पहाटे शून्याच्या आगेमागे.

पावसापेक्षा उजेडाचा विचार जास्त करा. स्पेन पश्चिमेला असूनही घड्याळ मध्य युरोपचं वापरतो, त्यामुळे डिसेंबरअखेर लेओनमध्ये सूर्य उगवतो पावणेनऊच्या पुढे आणि मावळतो सहाच्या आत. सकाळी सातला उठून तयार होऊन बसलात तर दोन तास काळोखात आणि बंद दारांपुढे जातील. ज्याला उजेड लागतो ते अकरा ते दीडमध्ये बघा, ज्याला लागत नाही ते संध्याकाळी. पहिल्या दिवशी दुपारी पोचून काये आंचा या जुन्या गावाच्या मुख्य रस्त्याने फिरा आणि वास्तुशिल्पी गाउदीची कासा बोतिनेस ही इमारत बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल, म्हणजे शहराचं मुख्य चर्च, दुपारनंतर सान इसिदोरो हे जुनं चर्च. तिसऱ्या दिवशी मुसाक हे नव्या कलेचं संग्रहालय, वाटेत सान मार्कोस या जुन्या मठाचा नक्षीदार दर्शनी भाग, मग परतीची गाडी. मुसाक सोमवारी बंद असतं, तेव्हा तिसरा दिवस सोमवार येऊ देऊ नका. २५ डिसेंबर, १ जानेवारी आणि ६ जानेवारी हे दिवस तर टाळाच. २४ आणि ३१च्या संध्याकाळी जेवणाच्या जागासुद्धा लवकर मिटतात.

प्रश्न : कॅथेड्रलच्या रंगीत काचांविषयी खूप वाचलं. पण काचा बघायला ऊन हवं ना? ढगाळ दिवशी सगळं काळपट दिसेल अशी भीती वाटते.
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : भीती सोडा. कडक उन्हात एका बाजूच्या काचा डोळे दिपवतात आणि समोरच्या त्या मानाने काळवंडतात. फरशीवर पडणारे रंगीत कवडसे सुंदर असतात, ते ढगाळ दिवशी मिळणार नाहीत, हे खरं. पण ढग असले की आकाश चहूबाजूंनी सारखं उजळ असतं. मग उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या काचा एकाच वेळी वाचता येतात. माणसांचे चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, दोन काचा जोडणारी शिशाची रेघसुद्धा दिसते. निळा रंग तर मंद उजेडातच खुलतो.

काचा आहेत सुमारे १,८०० चौरस मीटर, बऱ्याचशा १३ ते १५व्या शतकांतल्या. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, जैन मंदिर, १२०४ची. तिथे छताचं कमळ पेलायला भरभक्कम दगडी खांब उभे केले. लेओनच्या कारागिरांनी त्याच शतकात उलटी वाट धरली : भिंती जितक्या काढून टाकता येतील तितक्या काढल्या आणि त्या जागी काच बसवली. दगडही फारसा चांगल्या प्रतीचा नव्हता. पुढे इमारत कललीच. १९व्या शतकात तिचा मोठा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागला. १८४४मध्ये स्पेनने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलेली ही पहिली वास्तू. २९ मे १९६६ला वीज पडून छत पेटलं, पण खालच्या कमानी आणि काचा वाचल्या.

बघायचं कसं? आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं फोन खिशात ठेवा. बाहेरच्या पांढऱ्या उजेडातून आल्यावर डोळ्यांना सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि बरेचजण नेमके त्याच दहा मिनिटांत फेरी आटोपून ‘अंधारच होता’ म्हणत बाहेर पडतात. मधल्या चौकापर्यंत चालत जा आणि मागे वळून पश्चिमेचं गोल गवाक्ष बघा. उत्तरेकडे बायबलच्या जुन्या करारातली माणसं आहेत, दक्षिणेकडे नव्या करारातली. वरच्या खिडक्या फार उंचावर आहेत, नुसत्या डोळ्यांना तिथे रंग दिसतात, चित्र कळत नाही. त्यासाठी ८ पट दाखवणारी छोटी दुर्बीण घरातून न्या, पक्षी बघायची असते तीच. उत्तरेच्या बाजूला वरच्या ओळीत शिकारीची खिडकी शोधा : देवळात न शोभणारी घोडेस्वारांची, शिकारी पक्ष्यांची चित्रं. तिच्यातला हातावर ससाणा घेतलेला स्वार लक्षात ठेवा. मुसाकच्या बाहेरच्या भिंतीवर ज्या रंगीत काचा लावल्या आहेत, त्यांचे रंग या ससाणेवाल्याच्या चित्रावरूनच घेतलेत. सकाळी हा बघितला असेल तर ती भिंत नुसती रंगीबेरंगी वाटत नाही.

फोटो काढताना फोन अंधाऱ्या भिंतीवरून प्रकाश ठरवतो आणि काचा पांढऱ्याफटक येतात. पडद्यावर काचेवर बोट ठेवा आणि उजेड खाली ओढा, म्हणजे रंग उतरतील.

एक चूक नेहमी होते. हिवाळ्यात कॅथेड्रल दुपारी मध्ये बंद होतं आणि चारच्या सुमाराला पुन्हा उघडतं. ‘जेवून निवांत जाऊ’ म्हणणारा माणूस आत शिरतो तेव्हा उजेड परतीला लागलेला असतो. रविवारी प्रार्थनेमुळे पाहुण्यांच्या वेळा आणखी आखडतात. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या दिवसाची वेळ कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

प्रश्न : आम्ही शेतकरी माणसं. मुलगा नेतोय म्हणून जायचं. चर्चवर चर्च बघून आम्हाला काय समजणार?
— निपाणी

उत्तर : तुम्ही सान इसिदोरोला जा. तिथल्या राजांच्या दफनघरात तुम्हाला जे समजेल ते शहरी माणसाला समजणार नाही.

जागा ठेंगणी आहे. जाड खांब, बुटक्या कमानी, खाली लेओनच्या राजांची थडगी आणि डोक्यावर १२व्या शतकातली चित्रं. मान फार वर करावी लागत नाही. एका कमानीच्या आतल्या बाजूने बारा गोल आहेत आणि प्रत्येकात एका महिन्याचं काम. जानेवारीला दोन तोंडांचा माणूस जुन्या वर्षाचं दार लावतोय आणि नव्याचं उघडतोय. फेब्रुवारीत म्हातारा शेकोटीशी बसलाय. मार्चमध्ये द्राक्षवेलीची छाटणी. उन्हाळ्याच्या महिन्यांत कापणी, हातात विळा. ऑगस्टला मळणी : तिथे पातीला बैल नाहीत, दोन काठ्या एकमेकींना जोडलेलं झोडपणं घेऊन माणूस एकटाच पेंढ्या झोडतोय. सप्टेंबरला द्राक्षतोड, ऑक्टोबरला ओकची फळं पाडून डुकरांना चारणं, नोव्हेंबरला डुक्कर कापणं, डिसेंबरला विस्तवाशेजारी जेवण. राजाच्या डोक्यावर कुणब्याचं वर्ष रंगवलंय. कोणता माणूस अवजार बरोबर धरतो आणि कोणता नाही, हे तुम्हीच मुलाला सांगा.

शेजारच्या कमानीत धनगर आहेत. एक शिंग फुंकतोय, एक पावा वाजवतोय, दोन बोकड टकरीला उभे आहेत आणि एक धनगर आपल्या कुत्र्याला वाडग्यातून पाजतोय. देवदूत येशूच्या जन्माची बातमी घेऊन आलाय, पण त्या धनगराचा हात वाडग्यावरून हललेला नाही.

इथे फोटो काढू देत नाहीत आणि थंड दगडी जागेत बराच वेळ उभं राहावं लागतं. पायांत लोकरी मोजे हवेत. गट करून, वेळ ठरवून आत सोडतात. वेळेची तिकिटं सकाळीच काढून ठेवा. याच जागेशी ११८८ची सभा जोडलेली आहे : नववा अल्फोन्सो राजा सरदार आणि धर्मगुरूंबरोबर शहरांचे प्रतिनिधीही घेऊन बसला. त्या सभेच्या दस्तऐवजांना युनेस्कोने २०१३मध्ये युरोपीय संसदीय पद्धतीचा सर्वांत जुना ज्ञात लेखी पुरावा म्हणून मान्यता दिली.

प्रश्न : माद्रिदच्या विमानतळावरून परस्पर लेओनला कसं जायचं? गाडी आधी काढून ठेवावी का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : गाड्या सुटतात माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून; वेगवान गाडीला लेओनपर्यंत साधारण दोन ते सव्वादोन तास लागतात. विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलवरून चामार्तिनला उपनगरी लोकल जाते, दहा-बारा मिनिटांची. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या टर्मिनलला उतरलात तर फुकट बसने चौथ्यावर या. लांबच्या गाडीच्या तिकिटावर लोकलचा प्रवास फुकट मिळतो. तिकिटावर छापलेला कोड मशीनमध्ये घालून लोकलचं तिकीट काढायचं असतं. हे माहीत नसल्याने लोक वेगळे पैसे भरतात.

तिकीट महिना-दीड महिना आधी काढलं तर स्वस्त पडतं, पण विमान उतरल्यावर किमान तीन तासांनंतरचीच गाडी घ्या. दोहा किंवा दुबईमार्गे आलात तर पासपोर्टची रांग माद्रिदला. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे आलात तर तिथेच. १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे, पहिल्या वेळी तिला वेळ लागतो. चामार्तिनला सामान यंत्रातून जातं आणि फलाटाचा क्रमांक गाडीच्या थोडा वेळ आधीच लागतो. फलकावर तुमच्या गाडीपुढे ‘लेओन’ नसेलही, ‘ओविएदो’ किंवा ‘हिहोन’ असेल, कारण गाडी पुढे जाते. गाडीचा क्रमांक बघा, गावाचं नाव नाही.

लेओन स्टेशन बेर्नेस्गा नदीच्या पलीकडे आहे. पूल ओलांडून सरळ चालत गेलं की वीस-पंचवीस मिनिटांत कॅथेड्रल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. तिथे उपाशी राहायची वेळ येईल का?
— चिकोडी

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. ‘शाकाहारी’ म्हटलं की तिथे बऱ्याच ठिकाणी मटण सोडलं एवढंच समजतात. हॅम (डुकराचं मांस) आणि ट्यूना मासा त्यांच्या लेखी मांसात येत नाहीत. म्हणून नावं घेऊन सांगा : ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो’, म्हणजे मांस, हॅम, मासे, अंडं यांच्याशिवाय. कागदावर लिहून नेलेलं बरं.

लेओनची खासियत अशी की पेयाबरोबर खाण्याची एक बशी, म्हणजे तापा, फुकट येते. जुन्या गावात या जागा दाटीने आहेत त्या भागाला ‘बारिओ उमेदो’, ओला मोहल्ला, म्हणतात. ओला तो पावसाने नव्हे, पेयांनी. दारू घेत नसाल तर ‘मोस्तो’ मागा, द्राक्षाचा न आंबवलेला रस. त्याच्याबरोबरही तापा मिळतो. बशी ठेवण्याआधीच बोला, कारण आपोआप येणारी बशी बहुधा सॉसेज, रक्त घातलेली मोर्सिया किंवा सेसिनाची असते. सेसिना म्हणजे गाईबैलाचं वाळवून धुरावलेलं मांस, हॅमसारखं दिसतं. गोमांस न खाणाऱ्यांनी हे नाव पाठच करावं.

तळलेल्या बटाट्यांचे ‘पातातास ब्रावास’, भाजलेल्या लाल मिरच्या, चीज, ऑलिव्ह, ब्रेड-टोमॅटो हे मिळतं. ‘तोर्तिया’ दिसते बटाट्याच्या थालीपिठासारखी, पण ती अंड्यात बांधलेली असते. मसूर आणि छोल्यांत चोरिझो सॉसेज शिजवलेलं असतं. नुसतं बाजूला काढून उपयोग नाही. लसणाचं गरम सूप थंडीत मोह घालतं, त्यात अंडं असतं आणि पाणी बरेचदा हॅमचं. क्रोकेट या तळलेल्या वड्यांत हॅम असतंच असं धरून चाला. थंडीतला हमखास आधार म्हणजे दाट चॉकलेट आणि चुरोस : पीठ, पाणी, मीठ, तेल. दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊला. मधे बऱ्याच जागांची चूल बंद.

घरून भाजलेले शेंगदाणे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा बंद पाकिटात न्या. कुंदा मात्र नको. मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून युरोपात नेता येत नाहीत, आणि कुंदा दुधाचाच. तूप, पेढे, ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नकोत.

प्रश्न : व्हिसासाठी अर्ज करतोय. पासपोर्टवर जन्मगाव ‘बेलगाम’, बाकी कागदांवर ‘बेळगावी’. उत्पन्न शेतीचं, उतारे कन्नडमध्ये. अडचण येईल का?
— गोकाक

उत्तर : १ नोव्हेंबर २०१४ला शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात ही जोडी घरोघरी आहे. त्यासाठी पासपोर्ट बदलू नका. अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ लिहा की हे एकाच गावाचं जुनं आणि नवं नाव. लक्ष द्यायचं ते माणसाच्या नावाकडे : पासपोर्ट, बँक, विमा, तिकीट यांवर अक्षरन् अक्षर तेच हवं.

कन्नड उताऱ्यांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून मूळ कागदाबरोबर जोडा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र नसेल, तर कारखान्याचं ऊसबिल खात्यात जमा झालेल्या नोंदी खुणा करून दाखवा. अर्जाच्या आधी आठवडाभर अचानक मोठी रक्कम भरली तर संशय वाढतो. भरावीच लागली तर ती कुठून आली त्याचा कागद जोडा.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला १५ दिवस धरतात, ते ४५पर्यंत लांबू शकतात. नाताळच्या प्रवासासाठी सप्टेंबरअखेर अर्ज गेला पाहिजे. प्रौढांना शुल्क ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीनंतर आणखी ३ महिने चालणारा, १० वर्षांच्या आत दिलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. मुलगा-मुलगी भाड्याच्या खोलीत राहत असतील तर ‘आमच्याकडे राहतील’ असं साधं पत्र पुरत नाही. स्पेनमध्ये त्यासाठी पोलिसांकडून निमंत्रणपत्र काढावं लागतं. त्यापेक्षा रद्द करता येणारं हॉटेल सोपं.

प्रश्न : कपडे काय न्यावेत?
— संकेश्वर

उत्तर : एक जाड कोट आणि आत पातळ थर. खोल्या, गाड्या, खानावळी उबदार असतात, तिथे स्वेटर उतरवता आला पाहिजे. कॅथेड्रलमध्ये मात्र बाहेरच्याइतकाच गारठा. बुटांचा तळ खरबरीत हवा, कारण जुन्या गावातला दगड ओला झाला की घसरतो आणि प्लासा देल ग्रानो या चौकात तर गोटेच आहेत. आपल्या जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, अडॅप्टर लागेल. कार्ड चालवताना यंत्राने ‘रुपयांत?’ विचारलं तर ‘युरो’ निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

प्रश्न : रस्त्याच्या पाट्यांवर एका शब्दावर रंग फासलेला दिसतो असं मुलगा सांगतो. ते काय आहे?
— बेळगाव

उत्तर : १९८३मध्ये लेओन आणि शेजारचा कास्तिया मिळून ‘कास्तिया-लेओन’ हा एक स्वायत्त प्रदेश केला गेला. लेओनमध्ये अनेकांना ते मान्य नाही. आमचं वेगळं राज्य होतं, वेगळा प्रदेश हवा, अशी मागणी आजही आहे. पाट्यांवर खोडलेला शब्द असतो तो ‘कास्तिया’. शेजारी ‘लेओन सोलो’, फक्त लेओन, असं लिहिलेलं दिसेल. पाटीवरच्या एका शब्दाचं वजन काय असतं हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. दुकानात, खानावळीत बोलताना ‘कास्तियात आलोय’ म्हणू नका, ‘लेओनला आलोय’ म्हणा.